धुलाईघरातला अंदाज

चौदा जर्स्या धुते मी रोज.
शुक्रवारी रात्री बाराच उरतील.

पलांगात हे पोराटोरांनाही ठाऊक आहे,
म्हणून धुरी दिलेले मासे विकणारा रिमगाउदास
पुडक्यात वाम माशाचा एक तुकडा जास्तीचा घालतो
आणि सहजच विचारल्यासारखं विचारतो,
‘मग तेक्ले, कोण कोण?’
पाद्रीबाबासुद्धा प्रार्थनेनंतर, चर्चच्या दारात
माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवतात.

तेरा उन्हाळे झाले, यादी लागायच्या आत मी यादी सांगते.
दोनदाच चुकले. त्यातला एक गुडघा होता,
आणि गुडघ्याचं भाकीत देवालाही जमत नाही.

पेपरवाले गुण मोजतात, रिबाउंड मोजतात.
मी मोजे उलटे करते.
डावी टाच विरली असेल तर पोरगा मागे धावून येतो,
प्रशिक्षकाला असले आवडतात.
गळा चावून चावून ओला केलेली जर्सी
मी वेगळी टाकते. तो जाणार.
आणि प्रशिक्षकाच्या खिशात सूर्यफुलाची टरफलं सापडली
की समजावं, त्याचं अजून ठरलेलं नाही.

या वर्षी नऊ नावं म्हणजे दगडावरची रेघ.
उरल्या तीन जागा, पाच माणसं.
दोन मी सोमवारीच भरल्या.
तिसरीसाठी एइरिमास, वय एकोणीस,
पाठीवर रोज मिठाचा नवा नकाशा,
आणि स्किर्मांतास, पस्तीस,
ज्याची जर्सी जवळजवळ कोरडीच येते,
कारण कुठे उभं राहायचं हे त्याला चेंडूच्या आधी कळतं.

मी म्हणाले, स्किर्मांतास.
बाकावर एक तरी जुनं हाड लागतंच.
रिमगाउदासनं तेवढ्यावर
मेव्हण्याशी बिअरच्या एका क्रेटची पैज मारली.

गुरुवारी रात्री अकराला दार वाजलं.
तेरा वर्षांत इथे सगळे कपडे भिरकावले गेलेत,
टोपलीत, टोपलीबाहेर, एकदा तर माझ्या डोक्यावर.
त्यानं जर्सी आणली ती घडी करून.
खांद्यावर खांदा,
आकडा आतल्या बाजूला.

म्हणाला, ‘हे मशीन नेहमी एवढं वाजतं?’
मी म्हटलं, ‘म्हातारं झालंय.’
हसला. बसून राहिला
पाणी बदलेपर्यंत.
जाताना दार हळू ओढून घेतलं.

मग मी त्याचे टॉवेल हुंगले.
सगळ्यांना कापूर-मलमाचा वास,
आठवडाभर होता,
आणि मी बाई त्याला अनुभव समजत होते.
त्याला काढलं, की तोच उठून गेला,
ते मी विचारलं नाही.
घडी दोन्हीकडून सारखीच दिसत होती.

सकाळी बाजारात धुकं, पाइनचा ओला वास.
रिमगाउदास सुरी पुसत म्हणाला,
‘अजून वेळ आहे बरं. काही बदल?’

वेळ होता खरा. दुपारी दोनपर्यंत.
एक नाव खोडायचं, एक लिहायचं,
तेरा वर्षांची अब्रू शाबूत.

‘नाही,’ म्हटलं. ‘स्किर्मांतास आहे.’

दोन वाजून पाच मिनिटांनी
रस्ताभर एइरिमासच्या नावाचा गलका झाला.
कुठल्याशा खिडकीतून कुणी पातेलं बडवत होतं.
मेव्हणा क्रेट न्यायला हातगाडी घेऊन आला म्हणे.

आता पुडक्यात मोजून मासा येतो.
पाद्रीबाबांचा नमस्कार लांबून.
‘तेक्लेचं नाक गेलं,’ म्हणतात,
म्हणू देत, वयच झालंय.

बारा जर्स्या दोरीवर वाळताहेत समुद्राच्या वाऱ्यात,
एइरिमासची सगळ्यात जास्त फडफडते, चिमटे काढू बघते.
तेरावी अजून फळीवर आहे.
धुतलेली नाही.
उलगडावी लागेल ना आधी.